ओव्यांची पुस्तिका आणि परवान्याचा धडा : नववीच्या वर्गाच्या कामाच्या नोंदी

शाळा परभणी जिल्ह्यात, गंगाखेड तालुक्यात. वर्ग नववीचा, मुलं ३८. मी मराठी शिकवते. आपल्या शाळेत असं काही करून पाहायचं असेल त्यांना उपयोग व्हावा म्हणून जे झालं ते तारीखवार लिहून ठेवते आहे.

२८ नोव्हेंबर २०२३, मंगळवार

सुट्टीनंतर काम ठरलं. मुलांनी आपापल्या घरच्या, गल्लीतल्या आज्यांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करायच्या, त्यांची पुस्तिका काढायची आणि २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाला ती विकायची. ध्वनिमुद्रणं आणि फोटो विकिमीडिया कॉमन्स या इंटरनेटवरच्या खुल्या भांडारात चढवायचे, म्हणजे ते कुणालाही वापरता येतील.

यामागचं कारण आधी लिहिते. मागच्या वर्षी आम्ही गोदावरीवर एक पुस्तिका काढली होती. मुखपृष्ठावर घाटाचा पहाटेचा फोटो होता, धुक्यातला, फार सुंदर. मुलांनी तो इंटरनेटवरून उतरवला आणि आतल्या पानावर ‘सौजन्य : इंटरनेट’ असं मीच लिहायला सांगितलं. पंधरा दिवसांनी फोटो काढणाऱ्याचा फोन आला. ते चिडले नव्हते. एवढंच म्हणाले, “मॅडम, इंटरनेट पहाटे चारला उठून घाटावर गेलं होतं का? मी गेलो होतो.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. गावात गेलेल्या प्रती जमतील तेवढ्या परत मागवल्या आणि मुलांच्या हातानंच मुखपृष्ठं काढली. त्यातली काही मुलं आता दहावीत आहेत. व्हरांड्यात भेटली की मला ती स्टेपलरच्या पिना उचकटणारी बोटं आठवतात.

तेव्हा यंदा ओव्यांइतकंच महत्त्व हे शिकण्याला द्यायचं: दुसऱ्याची वस्तू कशी घ्यायची आणि आपली दुसऱ्याला कशी द्यायची.

१ डिसेंबर, शुक्रवार

पहिला तास वाया गेला. फळ्यावर कॉपीराइट कायदा, १९५७ असं लिहून कलमं समजावत बसले. मुलांनी निमूटपणे वहीत उतरवून घेतलं. शेवटी एक प्रश्न आला, “मॅडम, हे परीक्षेला आहे का?” नाही म्हटल्यावर वह्या मिटल्या. कुणी हे करणार असेल तर कायद्यापासून सुरुवात करू नका.

४ डिसेंबर, सोमवार

आज मराठीचं पाठ्यपुस्तक उघडायला लावलं. धडा नाही, त्याआधीचं पान. वर्षानुवर्षं ही पुस्तकं हाताळणाऱ्या मुलांनी ते पान एकदाही वाचलेलं नव्हतं. एका मुलीनं मोठ्यानं वाचलं: पुस्तकाचे सर्व हक्क मंडळाकडे राखीव आहेत, संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय त्यातला कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही.

वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाकावरून आलं, “पण पुस्तक तर फुकट उतरवून घेता येतंय की मोबाइलवर!”

तास इथून सुरू झाला. बालभारतीचं पुस्तक मोफत उतरवता येतं, पण त्यातली चित्रं आपल्या पुस्तिकेत छापायची मोकळीक त्यातून मिळत नाही. मोफत वेगळं, मुक्त वेगळं. मुलांना देवळातल्या प्रसादाचं उदाहरण पटलं. प्रसाद फुकट मिळतो, पण द्रोण भरून घेऊन बाहेर दुकान मांडलं तर पुजारी विचारणारच. उदाहरण त्यांचंच आहे, माझं नाही.

“मग तुम्ही वर्गात झेरॉक्स वाटता ते?” असंही विचारलं गेलं. प्रश्न रास्त होता. कलम ५२ मध्ये शिकवण्याच्या ओघात शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं केलेल्या प्रतीला सूट आहे. दिल्ली विद्यापीठातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१६ मध्ये हीच सूट मान्य केली होती. पण ती वर्गापुरती. वीस रुपयांना गावात विकलेली पुस्तिका त्यात बसवता येईल असं मला वाटत नाही. मागच्या वर्षीची गफलत नेमकी तिथंच होती.

७ डिसेंबर, गुरुवार

आज हिशेबाचा तास. नियम साधा: लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राखीव राहतं आणि ही ६० वर्षं मृत्यूच्या पुढल्या १ जानेवारीपासून मोजायची. मुलांना नावं आणि मृत्यूची सालं दिली. सावित्रीबाई फुले १८९७, साने गुरुजी ११ जून १९५०, नरहर कुरुंदकर १९८२, कुसुमाग्रज १९९९. बहुतेकांनी साने गुरुजींचं ११ जून २०१० काढलं. बरोबर उत्तर ३१ डिसेंबर २०१०. कुरुंदकर आपले नांदेडचे, त्यांचं लेखन २०४२ संपेपर्यंत राखीव. कुसुमाग्रजांचं २०५९ संपेपर्यंत. “तोवर आमी पन्नाशीला येऊ!” असा गलका झाला.

साठच का, असं एकानं विचारलं. आधी पन्नास होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले, म्हणजे १९९१ च्या अखेरीस त्यांचं सगळं लेखन मोकळं होणार होतं. तेव्हा कायदा बदलून मुदत साठ केली गेली, ती १९९२ ची दुरुस्ती.

बहिणाबाई चौधरींपाशी गाडी अडकली. त्या १९५१ साली वारल्या, पण गाणी छापून आली १९५२ साली. मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या लेखनाची साठ वर्षं छापल्याच्या पुढल्या वर्षापासून मोजतात, म्हणजे २०१२ अखेर. मला हे आधी पाहून ठेवावं लागलं होतं. पण मुलांच्या मनात राहिलं ते वेगळंच: बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, दुसऱ्यांनी ऐकून उतरवून घेतलं म्हणून ते उरलं. “म्हणजे आपण करायलोत तेच,” एक मुलगी म्हणाली.

शेवटी जनाबाई. गंगाखेडच्याच. कायदा जन्माला यायच्या कितीतरी शतकं आधीच्या, त्यांचे अभंग सगळ्यांचे. एका मुलानं लगेच मोबाइलवर अभंग लावला, “मग हे टाकू की आपल्या व्हिडिओला.” तिथं थांबवलं. शब्द जनाबाईंचे. चाल कुणा संगीतकाराची. आणि आपण ऐकतो ते ध्वनिमुद्रण कंपनीचं, त्याची मुदत ते बाजारात आल्यापासून वेगळी साठ वर्षं. शिवाय गाणाऱ्याचाही स्वतःचा हक्क असतो, तो ५० वर्षांचा. फळ्यावर एकाखाली एक चार रेघा ओढल्या. पुस्तकातून उतरवलेला अभंगाचा ‘अर्थ’ही त्यातच आला, कारण अभंग जनाबाईंचा असला तरी अर्थ आजच्या लेखकाचा. एका वहीतली दीड पानं खोडावी लागली.

१२ डिसेंबर, मंगळवार

चित्रांचा शोध. शाळेतले पाच संगणक चालू, दोन बंद. मुलांना सांगितलं होतं: जातं, गोदावरी, हरभरा, ज्वारी यांची चित्रं आणा आणि प्रत्येक चित्राखाली चार खणांची चौकट भरा. चित्राचं नाव, काढणाऱ्याचं नाव, कुठून घेतलं तो पत्ता, परवाना कोणता.

एकूण ३१ चित्रं आली. चौकट पूर्ण भरलेली ९.

बाकीच्यांचं काय चुकलं ते सविस्तर लिहिते, कारण सगळीकडे हेच होणार. अकरा मुलांनी पत्त्याच्या खणात ‘गुगल’ लिहिलं. गुगल फक्त दाखवतो. चित्र कुठल्या तरी संकेतस्थळावर असतं, तिथं जाऊन परवाना वाचावा लागतो. सहा जणांनी वापराच्या हक्काची चाळणीच लावली नव्हती. गुगलच्या चित्रशोधात साधनांच्या यादीत ती असते, तिथं क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे काही अटींवर वापरू देणारे तयार परवाने, निवडायचं. पाच चित्रं कुणीतरी दुसऱ्याची उचलून स्वतःच्या नावावर ‘मुक्त’ म्हणून चढवलेली निघाली. एका चित्राच्या कोपऱ्यात वर्तमानपत्राचा शिक्का अर्धवट कापलेला होता. तो शिक्का एका मुलीनं हेरला. चढवणाऱ्याला जे स्वतःचंच नाही, ते तो दुसऱ्याला देऊ शकत नाही.

पुढल्या वेळेसाठी ओपनव्हर्स वापरायचं ठरलं. तिथं खुल्या परवान्याचंच साहित्य शोधता येतं. तरी मूळ पान उघडून बघायचंच आणि त्या दिवशीचा स्क्रीनशॉट ठेवायचा. मालकानं उद्या पानावरचा परवाना बदलला तर आपण घेतलं तेव्हा काय होतं ते दाखवता आलं पाहिजे.

१९ डिसेंबर, मंगळवार

क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांचे चार तुकडे. मुलांनीच त्यांना बोलीतली नावं दिली आणि तीच पुढं वर्गात चालली. ‘बाय’ म्हणजे नाव घ्या. ‘एसए’ म्हणजे घेतलं तसंच पुढं द्या. ‘एनसी’ म्हणजे धंदा नको. ‘एनडी’ म्हणजे हात लावू नका. यांच्या जोडण्यांतून सहा परवाने होतात. विकिमीडिया कॉमन्सवर ‘धंदा नको’ आणि ‘हात लावू नका’ ही दोन्ही चालत नाहीत. पुस्तिका आम्ही २० रुपयांना विकणार, त्यामुळे ‘धंदा नको’वाली चित्रं घ्यायचीच नाहीत असं मी ठरवलं. छपाईचा खर्च काढणं म्हणजे धंदा का, यावर वाद घालता येईल, पण मुलांसमोर मला संशयाची जागा ठेवायची नव्हती.

२४ आणि २५ डिसेंबर, रविवार-सोमवार

ध्वनिमुद्रण. या कामाचा जीव इथंच आहे.

पहिली अडचण: जातं चालतं कुठं? पीठ गिरणीतून येतं. जाती आहेत, पण कुणाच्या न्हाणीच्या पायरीला, कुणाच्या उकिरड्याजवळ. शेवटी एका घरी हळदीच्या वेळी वापरतात ते जातं मिळालं. खुंटा ढिला होता, मुलांनी चिंधी गुंडाळून बसवला.

आजी जात्यापाशी बसली आणि गप्प. मोबाइल समोर धरला की तिला सुचेना. “अशी बसून कुटं ओवी येती व्हय? दळण तर टाका.” नातीनं दोन मुठी ज्वारी आणली. जातं फिरायला लागलं, पहिल्या पाचसहा फेऱ्या नुसतीच घरघर, आणि मग तिचा आवाज दगडाच्या आवाजातूनच वर आल्यासारखा आला. एक ओवी मी वहीत उतरवली:

गंगच्या मळीला हरभऱ्याला आले घाटे
लेकीच्या गावाला किती गं बाई फाटे

ही तिनं स्वतः जोडलेली. मुलगी हिंगोलीकडे दिलेली, तीन ठिकाणी गाडी बदलावी लागते. बाकी बऱ्याच ओव्या तिच्या आईच्या, आत्याच्या, कुणाच्या ते ठाऊक नाही अशा. मुलांना मी तिथंच जात्यापाशी विचारलं, ही ओवी कुणाची? पारंपरिक ओवी कुणा एकीची नाही. हरभऱ्याची ओवी आजीची. तिनं गायली तो हक्क तिचा. आणि नातीनं मोबाइलवर घेतली ते ध्वनिमुद्रण नातीचं. फळ्यावरच्या त्याच रेघा, पण आता त्या ओळखीच्या माणसांच्या नावावर.

जात्यावरच्या ओव्यांच्या मोठ्या संग्रहाबद्दलही त्यांना सांगितलं. हेमा राइरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी सुरू केलेल्या कामातून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या आहेत आणि त्यात आपल्याच जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे आहेत. ताडकळस म्हटल्यावर एक मुलगा उठून उभाच राहिला, त्याचं आजोळ तिथं आहे.

तांत्रिक चुका: पंखा चालू राहिला, पहिली तीन मुद्रणं वाया. मोबाइल जात्याच्या पाळीजवळ ठेवला तर नुसती घरघर येते, शब्द बुडतात. आजीच्या खांद्याच्या उंचीवर, हातभर अंतरावर, उशीवर ठेवल्यावर जमलं. दोन दिवसांत चार आज्या, २३ ओव्या.

१ जानेवारी २०२४, सोमवार

छोटी नोंद. डॉ. राजेंद्र प्रसाद २८ फेब्रुवारी १९६३ ला वारले, म्हणजे त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेलं लेखन आजपासून भारतात सगळ्यांसाठी मोकळं. प्रार्थनेनंतर दोन मुलांनी हे सगळ्या शाळेला सांगितलं. हिशेब त्यांचा त्यांनीच केला होता.

५ जानेवारी, शुक्रवार

संमतीपत्रं. पहिला मसुदा मी लिहिला, कचेरीच्या भाषेत: ‘सदर ध्वनिमुद्रणाचे अधिकार खुल्या परवान्यान्वये...’ एका मुलानं तो घरी वाचून दाखवला तेव्हा आजीनं विचारलं, “जमिनीचा कागद हाय का?” तो रद्द केला.

दुसरा मसुदा मुलांनी लिहिला. ‘तुमचा आवाज इंटरनेटवर राहील. जगात कुणीही ऐकेल, उतरवून घेईल, त्याचं गाणं करेल, विकूही शकेल, पण तुमचं नाव द्यावं लागेल. एकदा दिलं की परत घेता येणार नाही. नको असेल तर आत्ताच नाही म्हणा, आम्हाला वाईट वाटणार नाही.’ परत घेता येत नाही ही ओळ मी ठळक करायला लावली. खुल्या परवान्याचं हे सगळ्यात कठीण अंग आहे आणि ते सांगितल्याशिवाय अंगठा घेणं म्हणजे फसवणूक. मुलं अल्पवयीन, त्यामुळे त्यांच्या फोटोंसाठी आईवडिलांची सही वेगळी.

चारपैकी तीन आज्यांनी होकार दिला. चौथीच्या मुलानं विचारलं, “उद्या कुणी कॅसेट काढून पैसे कमावले तर?” कमावू शकतो, असं मी सरळ सांगितलं. त्यांनी नको म्हटलं. त्या सहा ओव्या आम्ही छापणार नाही, चढवणारही नाही. त्या ओव्या फार चांगल्या होत्या, आणि ज्या मुलीनं त्या मिळवल्या ती रडली. पण ‘नाही’ला मान नसेल तर या सगळ्या खटाटोपाला अर्थ उरत नाही.

फॉर्मवर एक रकाना आजीमुळे वाढला. जातं होतं त्या घरच्या आजीनं विचारलं, “नाव कसं टाकतान?” आम्ही सासरचं नाव आणि आडनाव लिहिलं होतं. ती म्हणाली, “माहेरचं गाव बी टाका. ओव्या तिकडच्याच हायेत.” मग सगळ्यांच्याच फॉर्मवर ‘नाव कसं छापायचं?’ असा रकाना आला.

११ जानेवारी, गुरुवार

कॉमन्सवर खाती उघडायचा दिवस. सात गट, सात खाती असा बेत. सहा उघडली, सातवं उघडेना. तासभर संगणकाच्या सरांना वाटलं नेट गेलं. नंतर कळलं की एका जोडणीवरून दिवसाला सहाच खाती उघडता येतात. सातवं माझ्या मोबाइलच्या नेटवर झालं. मोठा वर्ग असेल तर दिवस वाटून घ्या.

दुसरं: खातं गटाचं नसतं, एका माणसाचं असतं. ज्यानं मुद्रण केलं किंवा फोटो काढला त्यानंच आपल्या खात्यावरून चढवायचं. एका मुलीनं मैत्रिणीचा फोटो ‘माझं स्वतःचं काम’ म्हणून चढवायला घेतला होता, मैत्रिणीच्या परवानगीनंच. तरी ते खोटं ठरतं. मैत्रिणीला वेगळं खातं काढून दिलं. खात्याला खरं नाव, शाळेचं नाव द्यायचं नाही, हेही ठरवलं.

१३ ते १७ जानेवारी

दोन दिवस आवाजाच्या फाइलींनी खाल्ले. मोबाइलवरचं मुद्रण एम४ए प्रकारचं निघालं, ते कॉमन्स घेत नाही. सरांनी एमपी३ करून दिलं. तेही नव्या खात्यांना चढवता येत नाही. शेवटी ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून ऑग प्रकारात केलं. ऑडॅसिटीला एम४ए उघडायला एफएफएमपेग हे पूरक सॉफ्टवेअर वेगळं बसवावं लागतं, ते कळायला एक संध्याकाळ गेली. सुरुवातीलाच वेव्ह प्रकारात मुद्रण करणारं ॲप घ्या, हा सगळा त्रास वाचेल.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली आणि माझ्या पोटात गोळा आला. चढवलेल्या एका फोटोच्या पानावर जागेचे अक्षांश-रेखांश दिसत होते, म्हणजे मुलीच्या घराचा ठावठिकाणा. मोबाइलच्या कॅमेऱ्यात स्थान चालू होतं. तो फोटो लगेच काढून टाकायची विनंती केली, बाकीच्या सगळ्या फोटोंमधून स्थान पुसलं आणि मग पुन्हा चढवले. हे मी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. ही माझी चूक आहे आणि ती पुन्हा कुणाकडून होऊ नये म्हणून इथं लिहिते आहे.

धारासूरच्या गुप्तेश्वर मंदिराचे आठ फोटो मात्र स्थानासकट ठेवले. तिथं स्थान उपयोगाचंच आहे.

२३ जानेवारी ते २ फेब्रुवारी

मराठा व खुल्या प्रवर्गाच्या सर्वेक्षणाची ड्युटी. सकाळी घरं, संध्याकाळी ॲप. पुस्तिकेचं काम शून्य.

६ फेब्रुवारी, मंगळवार

परत आले तर कॉमन्सवरच्या एका फाइलवर वगळण्याची सूचना लागून आठवडा झालेला. फोटो गावातल्या भिंतीवरच्या जनाबाईंच्या चित्राचा. जातं, जनाबाई, शेजारी विठ्ठल. मुलानं स्वतः काढलेला फोटो, त्यामुळे त्याला वाटलं सगळं त्याचंच.

भारतात सार्वजनिक जागी कायमच्या उभ्या असलेल्या पुतळ्याचा, इमारतीचा फोटो काढून प्रसिद्ध करायला कलम ५२ मोकळीक देतं. भिंतीवर रंगवलेलं चित्र त्या मोकळिकीत येत नाही. ते चित्र रंगवणाऱ्या पेंटरचं आहे. म्हणजे मुलगा आणि पेंटर दोघांची परवानगी हवी. पेंटर कुठला ते गावात कुणाला सांगता आलं नाही. फाइल गेली.

मुलगा दोन दिवस बोलला नाही. मग त्यानं देवळाबाहेरच्या दगडी दीपमाळेचा फोटो आणला आणि खाली चौकट भरून आणली. पाचवा खण त्यानं स्वतः जोडला होता: ‘फोटोत दिसतंय ते कुणी केलं?’ आता चौकट पाच खणांची.

१४ फेब्रुवारी, बुधवार

मुखपृष्ठ. चित्रकला येणाऱ्या दोन मुलांनी कोलाज केला: नदीचं एक चित्र, ज्वारीच्या कणसाचं एक, मध्ये आमचं जातं. छापून ४० प्रती हातात आल्यावर मी चौकटी पुन्हा वाचल्या. नदीचं चित्र ‘घेतलं तसंच पुढं द्या’वालं. कणसाचं ‘धंदा नको’वालं. दोन्ही कापून एकात मिसळले की पहिलं म्हणतं, नवं चित्र माझ्याच परवान्यानं द्या, म्हणजे विकायची मोकळीकही द्या; दुसरं म्हणतं, विकायचं नाही. दोन्ही अटी एकदम पाळता येत नाहीत. शिवाय ‘धंदा नको’ घ्यायचंच नाही हे आम्हीच ठरवलेलं. १२ रुपयांची ४० मुखपृष्ठं, ४८० रुपये पाण्यात. छपाईआधी चौकटी तपासायचं काम कुणा एकाच्या नावावर नव्हतं, म्हणून हे झालं. आता एक मुलगी ‘चौकट तपासनीस’ आहे, तिच्या सहीशिवाय पान पुढं जात नाही.

नव्या मुखपृष्ठावर फक्त आमचं जातं. ढिल्या खुंट्याची चिंधी त्यात दिसते. मला हेच जास्त आवडलं.

२४ फेब्रुवारी, शनिवार

१२० प्रती आल्या, आत २८ पानं, १७ ओव्या. शेवटच्या पानावर सगळ्या चित्रांच्या चौकटी आणि पुस्तिकेचा परवाना: ‘नाव घ्या, घेतलं तसंच पुढं द्या’.

खर्च: आतली पानं १६८०, मुखपृष्ठं १४४०, वाया गेलेली ४८०, घडी व पिना २४०, डीटीपी ६००, धारासूरला जाणंयेणं ३५०. एकूण ४७९० रुपये. शाळेनं २००० दिले.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

कार्यक्रम चांगला झाला. मुलींना कुसुमाग्रजांची कविता म्हणायची होती. शाळेतल्या कार्यक्रमात मुलांनी पालकांसमोर म्हणायला हरकत नाही, तशी सूट कायद्यात आहे. पुस्तिकेत ती छापलेली नाही. का ते सूत्रसंचालन करणाऱ्या मुलानं स्वतःहून पालकांना दोन वाक्यांत सांगितलं. मी सांगितलं नव्हतं.

६८ प्रती गेल्या, १३६० रुपये जमले. उरलेले १४३० मी घातले.

आजी पहिल्या रांगेत होती. तिला वाचता येत नाही. तिनं नातीला विचारलं, “माझं कुटंय?” नातीनं पान उघडलं, बोट ठेवलं, वाचलं आणि थांबली. माहेरचं गाव नव्हतं. डीटीपीवाल्यानं ओळ मावेना म्हणून काढली होती आणि प्रूफ पाहताना ते माझ्या नजरेतून सुटलं. चौकट तपासनीस चित्रं तपासत होती. माणसांची नावं तपासायचं काम मी कुणालाच दिलं नव्हतं.

आजी काही बोलली नाही. पुस्तिका पदरात बांधून घेऊन गेली.

५ मार्च, मंगळवार

कॉमन्सवरच्या पानांवर तिचं नाव तिनं सांगितलं होतं तसंच आहे, ते त्याच संध्याकाळी पाहिलं. छापील प्रतींसाठी मुलांनी चिठ्ठ्या करायचं ठरवलं. एका पानावर वीस, सहा पानं झेरॉक्स, १२ रुपये. पूर्ण नाव, माहेरच्या गावासकट.

शाळेत उरलेल्या ५२ प्रतींना त्याच दिवशी चिकटवल्या. पहिली चिठ्ठी मात्र नात घरी घेऊन गेली होती, आजीच्या प्रतीसाठी. बाकीच्या विकलेल्या. विकताना नोंद ठेवली होती म्हणून घरं माहीत होती. शाळा सुटली की मुलं डिंकाची बाटली घेऊन फिरतात. एका घरी पुस्तिका देवघरात ठेवली होती, तिथं हातपाय धुऊन चिठ्ठी लावली. एकीनं विचारलं, एवढ्यासाठी आलात? तर मुलगा म्हणाला, “चुकीचं छापलंय ना आमच्याकडून.”

६८ पैकी ५४ झाल्या. राहिलेल्या चौदांपैकी पाच राणीसावरगावला, दोन परभणीला गेल्यात, बाकी शोधायच्या आहेत. डिंक संपला आहे, उद्या आणायचा.